गोळी, ताट आणि तिचा वाटा

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. वाकाटकांच्या काळात वत्सगुल्म नावाने राजधानी असलेला हा भाग आज सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा म्हणून ओळखला जातो. 2018 मध्ये केंद्र सरकारने देशातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले. महाराष्ट्रातून चार जिल्हे निवडले गेले. नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्या पंक्तीत चौथे नाव वाशीमचे होते. आरोग्य आणि पोषण हा त्या निवडीतला एक मोठा निकष होता.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर महिलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. देशाचा आकडा 52.2 टक्के होता. म्हणजे राज्यात साधारण दोघींमागे एक. धान्य पिकवणाऱ्या, डाळी पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या बायाही यात आहेत. मग उणे कुठे पडते? या प्रश्नावर आरोग्य खात्यात आणि खात्याबाहेर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गोळी वेळेवर पोटात गेली पाहिजे, बाकी सगळे नंतर. दुसरा म्हणतो, ताट सुधारल्याशिवाय गोळ्यांचा उपयोग नाही.

पुढच्या संवादातली दोन माणसे या दोन पक्षांची प्रतिनिधी म्हणून कल्पिलेली आहेत. एक आहेत प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर. दुसऱ्या गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, शेतकरी घरातल्या प्राध्यापिका. माणसे कल्पित असली, तरी त्यांच्या तोंडची मते आणि आकडे खरे आहेत.

प्राध्यापिका : डॉक्टर, तुमच्याकडे गरोदर बाई तपासायला आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “गोळ्या खाता का?” ती मान हलवते, कार्डावर खूण होते आणि पुढच्या बाईचा नंबर लागतो. काल सकाळपासून रात्रीपर्यंत तिनं काय खाल्लं, हे कोणी विचारत नाही. जिचं रक्त कमी आहे, तिच्या ताटाची चौकशी व्हायला नको का?

डॉक्टर : मॅडम, विचारायची इच्छा असते. पण दर महिन्याच्या नऊ तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, व्हरांडा भरलेला असतो. त्या गर्दीत मला आधी धोक्यातली बाई शोधायची असते. हिमोग्लोबिन 11 किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. 10 ते 10.9 असेल तर सौम्य, 7 ते 9.9 असेल तर मध्यम आणि 7 च्या खाली तीव्र. तीव्र असलेल्या बाईला आहाराचा सल्ला देऊन घरी पाठवता येत नाही. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तर 11 हिमोग्लोबिनवाली बाई सहसा तग धरते. 6 वाली तेवढ्यानंच मरणाच्या दारात जाऊ शकते. रात्री दोन वाजता खेड्यातून निघालेल्या गाडीला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला जो वेळ लागतो, तेवढाही वेळ तिच्याजवळ नसतो.

प्राध्यापिका : तीव्र असलेल्या बाईबद्दल माझा वाद नाही. पण त्या निम्म्या बायांच्या आकड्याबद्दल आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतात. 2016 ते 2018 मध्ये मुलांची आणि किशोरांची राष्ट्रीय पोषण पाहणी झाली, तिच्यात शिरेतून रक्त घेतलं, तर ॲनिमियाचं प्रमाण बरंच कमी निघालं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये बोटाच्या थेंबानं 67 टक्के आणि शिरेच्या रक्तानं 41 टक्के. शिवाय गर्भारपणात रक्तातलं पाणी वाढतं, त्यामुळं हिमोग्लोबिन थोडं उतरणं हे निसर्गाचंच काम आहे. मग आपण निरोगी बायांनाही रोगी ठरवतो आहोत, असं नाही का?

डॉक्टर : मोजण्याची पद्धत सुधारली पाहिजे, हे मला मान्य आहे. म्हणूनच पुढं हा प्रश्न कुटुंब पाहणीतून काढून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या, शिरेतलं रक्त तपासणाऱ्या पाहणीकडे सोपवला. पण पातळ होण्याचा हिशेब आधीच धरलेला आहे. साध्या बाईसाठी रेषा 12 ची असते, गरोदर बाईसाठी ती 11 वर आणली आहे. आणि कुटुंब पाहणीतलाच दुसरा आकडा बघा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या सगळ्या बायांमध्ये प्रमाण आहे 54.2 टक्के. रेषा वेगळी असल्यानं दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. तरी एवढं नक्की कळतं की गर्भ राहण्याआधीच निम्म्याहून अधिक बायांचं रक्त कमी आहे.

प्राध्यापिका : हेच मला म्हणायचं आहे. आधीपासून कमी आहे, म्हणजे ते रोजच्या जेवणातून आलेलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या शेतात ज्वारी असायची. ज्वारीच्या तासांमध्ये मूग, उडीद, चवळी आणि अंबाडी असायची. पावसाळ्यात बांधावर तरोटा यायचा, उन्हाळ्यात चिवळ मिळायची. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून त्याची भाजी व्हायची. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून सोयाबीन आलं आणि खरिपात पसरत गेलं. पैसा आला, हे नाकारत नाही. पण सोयाबीन सोंगलं की थेट बाजार समितीत जातं, घरातल्या हांडीत येत नाही. तणनाशक मारलं की बांधावरची भाजीही जाते. आता किराणा दुकानातली डाळ, रेशनचा तांदूळ आणि आलू. अनेक घरांत दुपारच्या ताटात हिरवं काही दिसतच नाही.

डॉक्टर : पण मॅडम, ज्वारी गेली म्हणून रक्त गेलं, असं म्हणता येत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 4 मिलिग्रॅम लोह आहे आणि गव्हाच्या पिठातही तेवढंच. बाजरीत 6 च्या वर आहे. पांढऱ्या तांदळात मात्र एकही मिलिग्रॅम भरत नाही.

प्राध्यापिका : बरोबर आहे, आणि म्हणूनच मी एकट्या भाकरीचं गुणगान करत नाही. ज्वारीबरोबर जे शेत मिसळलेलं होतं, ते गेलं. त्या शेतातून डाळ यायची, पालेभाजी यायची, बोरं आणि कवठं यायची. भाकरीतल्या लोहाला अंगात उतरवायचं काम आंबट फळातलं क जीवनसत्त्व करतं. ते सोबतीला असलेलं ताट वेगळं आणि भात-आलूचं ताट वेगळं.

डॉक्टर : मग आपण त्या चांगल्या ताटाचाच हिशेब करू. दिवसभरात दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी धरा, म्हणजे 6 मिलिग्रॅम लोह. वाटीभर तुरीचं वरण, त्यातून दीड. माठ किंवा मेथीची भरपूर भाजी, त्यातून चार-पाच. मूठभर शेंगदाणे, थोडा गूळ आणि भात मिळून आणखी दोन. सगळं मिळून चौदाच्या आसपास. शिफारस आहे गरोदर बाईला रोज सुमारे 27 मिलिग्रॅमची. आणि धान्य-डाळीतलं लोह पोटात गेलं तरी अंगी किती लागतं? शेकड्यात पाच ते आठ, फार तर दहा. धान्यातलं फायटेट त्याला अडवून ठेवतं. म्हणजे त्या चांगल्या ताटातून पाऊण ते दीड मिलिग्रॅम रक्तापर्यंत पोहोचतं. शेवटच्या तीन महिन्यांत तिला रोज लागतं सहाच्या आसपास.

प्राध्यापिका : गर्भारपणात आतडं जास्त लोह ओढून घेतं, हे तुम्ही सोडून दिलंत.

डॉक्टर : नाही सोडलं. ते दुप्पट झालं, तिप्पट झालं असं धरा, तरी सहा गाठताना अडचण येते. पूर्ण गर्भारपणाला जवळपास 1000 मिलिग्रॅम लोह लागतं. त्यातलं 300 च्या आसपास बाळाला आणि वारेला, 500 आईचं रक्त वाढायला आणि उरलेलं रोजच्या झिजेला. ज्या बाईच्या अंगात आधीच साठा आहे, तिचं ताटावर भागू शकतं. आपल्याकडे बहुतेकींचा साठा रिकामा असतो. आता गोळीचा हिशेब बघा. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून 180 दिवस, म्हणजे 10,800 मिलिग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा जरी अंगी लागला तरी हजार होतात. पूर्ण गरज तेवढीच आहे. गोळीचा माझा आग्रह या बेरजेतून आला आहे.

प्राध्यापिका : बेरीज मला पटते. गर्भ राहिल्यावर, साठा रिकामा असताना, नुसत्या ताटानं भरपाई होत नाही, हे मी मान्य करते. आता तुम्ही दुसरी बाजू मान्य करा. तुमच्या त्या 180 गोळ्या खातं कोण? देशभरात 180 दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या बाया फक्त 26 टक्के आहेत, शंभर दिवस घेतल्याचं सांगणाऱ्या 44 टक्के. आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला 1970 मध्ये. अर्धं शतक उलटून गेलं. गोळी दिली गेली, पण ती घरी फडताळात पडून राहते. बाई काय म्हणते ते मी ऐकलं आहे. “गोयी खाल्ली का मळमळते, मंग जेवणच जात नाही.” शौच काळी होते म्हणून ती घाबरते. सासू म्हणते, लेकरू पोटात मोठं होईल, मग सिझेरियन करावं लागंल. कुणी सांगतं, बाळ काळं होतं. या भीतीवर तुमच्या कार्डात एकही चौकट नाही.

डॉक्टर : हे दुखणं खरं आहे. त्यावर उपायही साधे आहेत, पण ते तोंडानं सांगावे लागतात. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर, झोपताना घ्यायची. शौच काळी होते ती न शोषलेल्या लोहानं, त्यात धोका नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा काही संबंध नाही. बाळाचं वजन योग्य भरलं तर बाळंतपण अवघड होत नाही, उलट अडीच किलोच्या खालचं बाळ जगवणं अवघड असतं. गोळी चहासोबत घ्यायची नाही, दुधासोबत घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत तर मुळीच नाही. दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं. लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. जंतामुळं रक्त जातं, म्हणून चौथ्या महिन्यानंतर अल्बेंडॅझोलची एक गोळी देतो. पण आशाताई हे पुन्हापुन्हा, घरात बसून सांगतील तेव्हाच ते होतं.

प्राध्यापिका : चहाचा विषय काढलात ते बरं झालं. आपल्याकडे शेतातून आलं की चहा, जेवणानंतर चहा, पाहुणा आला की चहा. जेवणासोबतचा चहा त्या जेवणातलं लोह निम्म्याहून जास्त अडवू शकतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. वाटीभर मेथी खाऊन वर चहा प्यायला तर मेथीचं बरंचसं लोह वाया गेलं. जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास चहा टाळायला पैसा लागत नाही. हा आहाराचा सल्ला आहे, आणि तो तुमच्या गोळीलाही लागू पडतो.

डॉक्टर : तिथं आपलं एकमत आहे.

प्राध्यापिका : आता एक जुनी गोष्ट सांगते, ती आपल्याच राज्यातली आहे. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायांमध्ये एक वेगळाच रक्तक्षय दिसत होता. त्यात रक्तपेशी आकारानं मोठ्या व्हायच्या आणि अनेक बाया दगावायच्या. तिनं रोगजंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग ती त्या बायांच्या चुलीपर्यंत गेली. ज्यांच्या जेवणात भाजी, फळं आणि दूध कमी, त्यांनाच तो आजार जास्त. शेवटी यीस्टचा अर्क, मार्माइट, दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. 1931 मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. औषधाच्या बाटलीआधी तिनं ताट पाहिलं, म्हणून उत्तर सापडलं.

डॉक्टर : हीच गोष्ट मी माझ्या बाजूनं सांगतो. तिनं शोधलेला तो घटक पुढं फॉलिक ॲसिड ठरला. 1941 मध्ये तो पालकातून वेगळा काढला गेला, मग प्रयोगशाळेत तयार झाला आणि आज तो माझ्या त्या लाल गोळीत आहे. मुंबईच्या त्या कामगार बायांच्या ताटातून निघालेलं ज्ञान गोळीतून साऱ्या जगाच्या बायांपर्यंत गेलं. ताटानं प्रश्न दाखवला आणि गोळीनं तो लाखोंपर्यंत नेला.

प्राध्यापिका : गेलं खरं, पण गोळीत अजून एक जीवनसत्त्व नाही आणि पुण्याच्या अभ्यासानं त्यावर बोट ठेवलं आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. या बाया शेतात राबणाऱ्या, रोजचं खाणं 1800 उष्मांकांच्या आसपास. कोणत्या बाईचं बाळ अंगानं भरलेलं जन्मलं? जी हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होती तिचं. नुसत्या उष्मांकांनी तो फरक पडला नव्हता. त्याच बायांमध्ये निम्म्याहून अधिक जणींना बी-12 ची कमतरता होती. पुढं त्या मुलांकडे पाहिलं तर ज्या आईचं फॉलेट भरपूर पण बी-12 कमी, तिच्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देणारं शरीर जास्त दिसलं. म्हणजे गोळीनं एक बाजू भरली आणि दुसरी रिकामी राहिली, तर मूल मोठं होऊन मधुमेहाच्या वाटेला लागू शकतं.

डॉक्टर : हा अभ्यास मी डोळ्यांआड करत नाही. माझ्यापुढं दोन महिने नियमित गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन न चढलेली बाई बसते, तेव्हा तिला खोटारडी ठरवण्याआधी मला चार गोष्टी तपासायला हव्यात. बी-12 कमी आहे का? जंत आहेत का? कुठं संसर्ग आहे का? आणि विदर्भात तर सिकलसेल तपासलाच पाहिजे. 2023 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. सिकलसेलवाल्या बाईला लोहाच्या गोळ्यांचा नुसता मारा करून उपयोग नाही, तिचे उपचार वेगळे असतात. गोळीचा माझा आग्रह आहे, पण प्रत्येक फिकट चेहऱ्यामागं एकच कारण असतं असं मी म्हणत नाही.

प्राध्यापिका : बी-12 दूध, दही, ताक, अंडी आणि मांस-मासे यांतून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. दारात म्हैस असलेल्या घरातही दूध डेअरीवर जातं आणि गरोदर सुनेच्या वाट्याला चहापुरतं उरतं. ज्या घरात अंडं चालतं, तिथं तरी ते रोज एक तिच्या ताटात पडलं पाहिजे. जिथं चालत नाही, तिथं रोज दोन वाट्या दही-दूध तिच्यासाठी राखून ठेवलं पाहिजे.

डॉक्टर : आता मी तुम्हाला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारतो. मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडपट्टीतल्या हजारो बायांवर एक मोठा प्रयोग केला. अर्ध्या बायांना रोज पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला पदार्थ आणि अर्ध्यांना आलू-कांद्यासारख्या भाज्यांचा पदार्थ. निकाल 2014 मध्ये आला. सरासरी पाहिली तर बाळांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग ताटाचा तुमचा दावा कुठं राहिला?

प्राध्यापिका : निकाल पूर्ण वाचा. ज्या बायांनी गर्भ राहण्याच्या आधी किमान तीन महिन्यांपासून तो पदार्थ खायला सुरुवात केली होती, त्यांच्या बाळांचं वजन वाढलेलं दिसलं. ज्या बाया फार हाडकुळ्या नव्हत्या, त्यांच्यात फायदा दिसला. गर्भारपणातला मधुमेहही त्या गटात बराच कमी होता. त्या प्रयोगानं मला ताट सोडायला सांगितलं नाही, सुरुवात आधी करायला सांगितलं. आणि हाडकुळ्या बाईला काही महिन्यांच्या खाण्यानं फरक पडत नाही, कारण तिची उपासमार काही वर्षांची असते.

डॉक्टर : म्हणजे आपण दोघंही उशिरा पोहोचतो, असं तुमचं म्हणणं.

प्राध्यापिका : हो. पेरणीच्या दिवशी कोणी नांगरट काढायला बसत नाही. आपण मात्र मुलीच्या रक्ताची पहिली चौकशी तिला दिवस गेल्यावर करतो. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. अशी मुलगी स्वतः अजून वाढत असते, दर महिन्याला पाळीत रक्त जात असतं आणि त्यात गर्भ राहतो. तिचा साठा भरायला वेळच मिळत नाही.

डॉक्टर : त्यासाठी किशोरींना आठवड्याला एक निळी गोळी द्यायची योजना आहे, शाळेत आणि अंगणवाडीत. पण शाळा सुटलेली मुलगी तिच्यातून निसटते. तांड्यावरची कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, तेव्हा गरोदर बाईचं कार्ड पेटीत राहतं आणि तिची तपासणी मध्येच तुटते. दुसरं म्हणजे दोन बाळंतपणांमधलं अंतर. एका बाळंतपणात आईचं लोह जातं, नंतर अंगावर पाजताना पोषण लागतं. वर्षाच्या आत दुसरा गर्भ राहिला की भांडं रिकामंच असतं. म्हणून बाळंतपणानंतरही 180 दिवस गोळ्या आहेत. ही गोष्ट बहुतेक घरांना माहीतच नसते. बाळ झालं की बाईची गोळी बंद होते.

प्राध्यापिका : आणि घरातली पंगत? आधी पुरुष, मग मुलं, मग सासू आणि शेवटी सून. भाजी उरली तर तिला, नाही तर ठेचा आणि भाकर. अंगणवाडीतून तिच्या नावानं घरपोच आहार येतो, रोज 600 उष्मांकांच्या हिशेबानं. तो घरात सगळ्यांना वाटला जातो. कधी चव आवडत नाही म्हणून गुरांच्या वाट्याला जातो. निंदणाच्या दिवसांत सातव्या महिन्यातली बाई दिवसभर वाकून काम करते आणि घरी येऊन पुन्हा स्वयंपाक तिच्याच गळ्यात. तिचा वाटा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर गोळी आणि ताट दोन्ही वादाचेच विषय राहतील.

डॉक्टर : इथं मी हरतो, मॅडम. माझं औषध उंबरठ्यापर्यंत जातं. उंबरठ्याच्या आत कोण काय खातं, हे मला बदलता येत नाही. म्हणून मी आता तपासणीला नवऱ्याला आणि सासूला सोबत बोलावतो. हिमोग्लोबिनचा आकडा बाईच्या कानात सांगण्यापेक्षा त्या तिघांसमोर मोठ्यानं सांगतो. 8 म्हणजे काय, बाळंतपणात काय होऊ शकतं, हे नवऱ्याला कळलं की पुढच्या महिन्यात तो स्वतः विचारतो, “डॉक्टरसाहेब, आता किती भरलं?”

प्राध्यापिका : तुमची खात्यातली माणसं तेवढ्यावर थांबू नयेत. ग्राम आरोग्य आणि पोषण दिवसाला पुरुषही बोलवावेत. दुपारच्या जेवणानंतर वही उघडून आशाताईंनी प्रत्येक गरोदर बाईच्या ताटाचे चार प्रश्न विचारावेत : काल डाळ होती का, हिरवी भाजी होती का, दूध किंवा अंडं होतं का, लिंबू किंवा आंबट फळ होतं का. यासाठी नवी योजना लागत नाही.

डॉक्टर : चार प्रश्न मी कबूल करतो. पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. चार प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ आली तरी त्या दिवशी तिच्या हातात गोळी पडलीच पाहिजे. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर गोळीवरही विसंबायचं नाही, शिरेतून आयर्न द्यायचं किंवा दवाखान्यात भरती करायचं. ताट सुधारायला वर्षं लागतील. तिच्याजवळ महिने आहेत.

प्राध्यापिका : आणि मी यावर ठाम आहे की तुमच्या कार्डावर गोळीच्या रकान्याशेजारी ताटाचा रकाना आला पाहिजे. तो आला नाही, तर पुढच्या बाळंतपणाला तीच बाई आणि पंधरा वर्षांनी तिची मुलगी, त्याच फिकट चेहऱ्यानं तुमच्याच व्हरांड्यात उभी असेल.

दोघांचे म्हणणे इथे थांबते आणि पूर्ण जुळत नाही. ते जुळायची गरजही नाही. ज्या बाईला आज दिवस गेले आहेत, तिच्यासाठी डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे : तिची गरज भाजी-भाकरीतून त्या मुदतीत भागत नाही, गोळीला पर्याय नाही, आणि रक्त फार कमी असेल तर दवाखान्यालाही पर्याय नाही. जी मुलगी आज नववीत आहे, तिच्यासाठी प्राध्यापिकांचे म्हणणे खरे आहे : तिच्या ताटात आज डाळ, हिरवी भाजी, दूध किंवा अंडे आणि एखादे आंबट फळ आले, तिचे लग्न एकवीस-बावीसपर्यंत थांबले आणि पहिल्या-दुसऱ्या बाळात तीन वर्षांचे अंतर राहिले, तर तिच्या गर्भारपणात डॉक्टरांना धावपळ करावी लागणार नाही.

वाशीमच्या मातीत तूर आहे, हरभरा आहे आणि हिवाळ्यात भाजीपाला आहे. तिथल्या सोयाबीनमध्येच डाळींइतके किंवा त्याहून जास्त लोह आहे. तरी रक्त कमी पडते, कारण पिकलेले विकले जाते आणि उरलेले घरात असमान वाटले जाते. एका एकरातल्या चार तासांमध्ये मूग, चवळी किंवा अंबाडी पेरायला कर्ज काढावे लागत नाही. अंगणातल्या शेवग्याला आणि लिंबाच्या झाडाला सांडपाणी पुरते.

हे वाचणाऱ्या प्रत्येक घराला चार गोष्टींची विनंती आहे. घरात कोणी गरोदर असेल तर तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावरचा हिमोग्लोबिनचा शेवटचा आकडा आज वाचा. रात्री झोपण्यापूर्वी तिची गोळी घेतली गेली का, हे नवऱ्याने विचारावे. जेवणासोबतचा चहा तासभर पुढे ढकला. आणि तिला शेवटच्या पंगतीतून उठवून पहिल्या पंगतीत बसवा. यांतली एकही गोष्ट सरकारी आदेशाची वाट पाहत नाही. बाळंतपणात जाणारा आईचा जीव बहुतेक वेळा वाचवता येण्यासारखा असतो, आणि ते वाचवणे नवव्या महिन्याच्या फार आधी, घरातल्या स्वयंपाकघरात सुरू करावे लागते.